हेल्युचं लाकूडफोडं

मायतागा गावात हेल्युच्या तोंडाला लागायची टाप एकाच माणसाची होती, तिचा धाकटा दीर आर्नो. बाकीचे लांबूनच मान हलवून पुढं सटकत. कोल्होजच्या, म्हणजे गावाच्या सामाईक शेतीच्या वर्कशॉपात तिनं उभी हयात वेल्डिंग केलं होतं. ट्रॅक्टरच्या पोटाखाली पडून ठिणग्या अंगावर घेतल्या होत्या, आणि कुणी काम बिघडवलं की मग तो फोरमन का असेना, त्याची बिनपाण्यानं करायची ती. पुढं कोल्होज मोडलं, सरकार बदललं, झेंडा बदलला. हेल्युचं तोंड तेवढं होतं तसंच राहिलं.

दोन हिवाळ्यांमागं तिचा नवरा एन्डेल गेला. सकाळची वेळ होती, तो सरपणाच्या खोपीपाशी लाकडं फोडत होता आणि हेल्यु स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसली होती. एन्डेलची एक लकब होती. ठोकळ्यावर ओंडका उभा केला की आधी कुऱ्हाडीनं त्याच्यावर दोनदा हलकंच वाजवायचा, नेमकी जागा चाचपायला, आणि मग एकच दणका. टक, टक, धाड. लग्न होऊन आली तेव्हापासून हेल्युची सकाळ त्याच आवाजात उजाडायची. त्या दिवशी टक, टक झालं आणि धाड झालंच नाही. तिला वाटलं, सिगरेट ओढायला थांबला असेल. ती बटाटे सोलत राहिली. सगळे सोलले, पातेलं चुलीवर चढवलं, आणि मग हात पुसत बाहेर आली. ती मधली वेळ ती कुणाला सांगत नाही, पोटच्या मुलीलासुद्धा नाही.

आमच्याकडं मयत दफनभूमीकडं निघाली की जंगलाच्या वळणावर थांबते. घरातला जवळचा पुरुष खाली उतरतो आणि तिथल्या पाइनच्या सालीत क्रूस कोरतो. गेलेल्या माणसाला घराची ओढ लागली आणि तो परत यायला निघाला, तर त्या क्रूसापाशी थबकतो. आपण मेलो आहोत हे त्याला तिथं कळतं आणि तो गुपचूप मागं फिरतो. असलं झाड कुणी तोडत नाही. वादळात पडलं तरी पडल्या जागी कुजू देतात, त्याची काटकीसुद्धा घरात आणत नाहीत. एन्डेलला मुलगा नव्हता, म्हणून क्रूस आर्नोनं कोरला. माणसं ट्रकमधून उतरली, प्रत्येकानं घोटभर दारू घेतली. हेल्यु मात्र पेटीशेजारी बसून राहिली, झाडाकडं पाठ करून.

"उतर ना वहिनी. एक घोट तरी घे दादाच्या नावानं," आर्नो म्हणाला.

"तू माझ्या नवऱ्याला वाटेत अडवलंस," ती म्हणाली. "माझाही घोट तूच घे."

त्या दिवसापासून तिनं वळणाचा रस्ताच टाकला. दुकानात मीठ आणायला जायचं तरी दलदलीच्या कडेनं लांबचा फेरा घालून जायची.

पुढचे दोन हिवाळे आर्नोनं तिला लाकडं फोडून दिली. तिच्या उजव्या खांद्याचा सांधा केव्हाच कामातून गेला होता. हात खांद्याच्या वर जात नव्हता, मग कुऱ्हाड काय उचलणार? आणि यंदा वसंतात आर्नोच्याच पोटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं त्याला पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही म्हणून सांगितलं. हे ऐकलं आणि हेल्युची मुलगी उर्वे तार्तु शहरातून तडक येऊन उभी राहिली.

"आई, पुरे झालं आता. माझ्याकडं चल. भिंतीत पाइप आहेत, गरम पाणी आहे, एक खोली रिकामी आहे."

"तुझ्या त्या चौथ्या मजल्यावर मी काय कबुतरं मोजत बसू?"

"आणि इथं गारठून मरशील त्याचं काय? एकटं माणूस, चूल थंड. मला रात्री झोप येत नाही गं." उर्वे रडकुंडीला आली होती. शेवटी तिनं निकराचं सांगितलं, "मार्टिनच्या दिवसाला, नोव्हेंबरच्या दहा तारखेला, मी गाडी घेऊन येते. खोप आढ्यापर्यंत भरलेली दिसली तर तू जिंकलीस. नाही दिसली तर चुपचाप गाडीत बसायचं."

"दिसेल," हेल्यु म्हणाली.

घर सोडायचं नाही त्याला ती कारणं भारी द्यायची. बटाट्याचा मळा, सफरचंदाची झाडं, कुत्र्याला शहर सोसायचं नाही. खरं कारण एकच होतं. एन्डेलला यायचं झालं तर तो याच घरी येणार, तार्तुच्या चौथ्या मजल्यावर त्याला कोण वाट दाखवणार? दोन वर्षं तो तिच्या स्वप्नातसुद्धा आला नव्हता. तरीही ती वाट बघत होती, आणि वाट बघायची तर घर हवं, घरात ऊब हवी, उबेला सरपण हवं. हात वर जात नाही ना, मग हात वर न नेता लाकूड फोडायचं. तिनं ठरवून टाकलं.

कोल्होजच्या पडक्या गोठ्यामागं मेलेल्या यंत्रांचा ढीग होता. लोकांनी विकण्याजोगं सगळं केव्हाच नेलं होतं, पण भंगारात काय जीव धरून आहे ते हेल्युला बरोबर कळायचं. एका ट्रॅक्टरच्या ढुंगणाशी नांगर उचलायचा सिलिंडर अजून शाबूत होता. त्याचाच ऑइलचा पंप मिळाला, आणि दट्ट्या पुढं-मागं करायची दांडीवाली पेटीही मिळाली. गोठ्याचं छप्पर खचलं होतं, त्यातून तिनं एक लोखंडी गर्डर ओढून काढला. चारा दळायच्या गिरणीची मोटर कोंबड्यांच्या खुराड्यात सापडली. कोंबड्या तिच्यावर अंडी घालत होत्या, म्हणून ती चोरीला गेली नव्हती.

ऑइलची टाकी म्हणून तिनं दुधाचा मोठा कॅन घेतला. पाचर केली बुलडोझरच्या पात्याच्या तुकड्याची. ते पोलाद थंडच वेल्ड केलं तर तडकतं. म्हणून तिनं आधी ते चुलीत लाल केलं, गर्डरला जोडलं आणि राखेच्या पोत्यात गुंडाळून रात्रभर हळूहळू निवू दिलं. सकाळी हातोडीनं वाजवून बघितलं. नाद स्वच्छ आला, तेव्हा कुठं ती कॉफी प्याली.

आर्नो उपड्या बादलीवर बसून मुकादमी करायचा. उचलायची बंदी होती, बोलायची नव्हती.

"वहिनी, हे लाकूड फोडणार की गावाचे दिवे घालवणार?"

"तुझी जीभ घालते आधी मध्ये. ट्रायलला लांबी बरी आहे."

"दादा असता तर म्हणाला असता, बाईनं रणगाडा बांधलाय."

"दादा असता तर मला बांधावं लागलं असतं का रे मुडद्या?"

आर्नो बादलीवरून उठला. मग दोघांनी मिळून नळ्या जोडल्या. पहिल्यांदा बटण दाबलं तर मोटर उलटी फिरली आणि कॅनमधून नुसते बुडबुडे. वायरी अदलाबदल केल्या. दुसऱ्यांदा एक जुनी नळी फुटली आणि आर्नो टाळूपासून बुटापर्यंत ऑइलनं न्हाला. हेल्यु पोट धरून हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या अंगणात कुणी हसलं होतं. तिसऱ्यांदा मात्र दट्ट्या सावकाश पुढं सरकला, त्यानं बर्चचा एक गाठाळ ओंडका पाचरीवर रेटला, थोडा वेळ काहीच झालं नाही, मोटरचा आवाज जड झाला, आणि मग लाकूड कुरकुरत मधोमध उकललं. ना घाम, ना दणका. हेल्युनं फक्त कमरेजवळची एक दांडी ढकलली होती.

"घ्या," आर्नो म्हणाला. "आता दादाची कुऱ्हाड भिंतीला."

कुऱ्हाड खरंच भिंतीलाच होती. एन्डेल गेल्यापासून खोपीच्या आतल्या खिळ्यावरून तिला कुणी हलवलं नव्हतं, आर्नो स्वतःची घेऊन यायचा.

उन्हाळा सरता सरता मोठं वादळ झालं. जंगलाचे पट्टेच्या पट्टे आडवे झाले, रस्ते बंद पडले. रस्ते मोकळे करायला उत्तरेकडची माणसं आली, त्यांनी झाडं कापून ओंडके कडेला लावले आणि ज्यांना हवे त्यांनी न्यावेत म्हणून मोकळे झाले. त्यांचा ड्रायव्हर हेल्युच्या फाटकाशी थांबला. उत्तरेत क्रूस कोरायची रीत नाही, त्याला बिचाऱ्याला काय माहीत.

"म्हातारे, ओंडके हवेत? चांगले पाइनचे आहेत."

"असतील तेवढे टाक," हेल्यु म्हणाली.

कुठल्या वळणावरचे, एवढं विचारायचं होतं. गावातल्या कुठल्याही बाईनं आधी तेच विचारलं असतं. पण हेल्युनं दोन वर्षं त्या वळणाचा विचारच मनात येऊ दिला नव्हता, मग ते तोंडात कुठून येणार? पोटाचं दुखणं उलटलं म्हणून आर्नो तेव्हा महिनाभर व्होरुच्या हॉस्पिटलात होता, नाहीतर त्यानं पहिल्याच ओंडक्याला ओळखलं असतं. ड्रायव्हरनं चिखलानं माखलेला ढीग अंगणात ओतला आणि तो निघून गेला.

हेल्यु कामाला लागली. ओंडका गडगडत गर्डरवर न्यायचा, दांडी ढकलायची, दोन फोडी उचलून खोपीत रचायच्या. खोप भरू लागली. तिला गुणगुणायलाही सुचायला लागलं होतं. अशाच एका दुपारी एक जाडजूड ओंडका अडला. पाचर रुतली, मोटर घरघरायला लागली, लाकूड काही उकलेना. दुसरं कुणी असतं तर मागं घेतलं असतं. हेल्युचा पारा चढला. "तू कोण मोठा लागून गेलास?" असं म्हणून तिनं दांडी दाबून धरली. ओंडका मोठ्यानं तडकला आणि दोन्ही फोडी दोन बाजूंना पडल्या.

तिनं एक उचलली. सालीवरचा चिखल निघून आला होता, आणि सालीत सुरीनं सरळ कोरलेली खाच होती, कडांना वाळलेला चीक. आडव्या खाचेचा अर्धाच भाग होता. तिनं दुसरी फोड उचलली, दोन्ही एकमेकींना लावल्या. क्रूस पूर्ण झाला. उभ्या रेघेवरूनच पाचर गेली होती, वरपासून खालपर्यंत. क्रूसाच्या पायाशी एक छोटी तिरपी खूण होती, आर्नो आपल्या सगळ्या कामावर करायचा तशी. ताजी, दोन वर्षांची.

हेल्यु तिथंच खाली बसली. दोन्ही फोडी तिनं पटकन जमिनीवर ठेवल्या. रीतीप्रमाणं तिनं तेव्हाच उठायला हवं होतं, दोन्ही फोडी वळणावर नेऊन ठेवायला हव्या होत्या, निदान आर्नोची वाट बघायला हवी होती. तिनं तसलं काही केलं नाही. खरं सांगायचं तर भीती सरल्यावर तिला आनंद झाला. दोन्ही फोडी छातीशी धरून तिनं खोपीत नेल्या आणि आतल्या फळीवर ठेवल्या.

"आता ये," ती हलकेच म्हणाली. "आता तुला कुणी अडवत नाही."

मग आत्म्यांचे दिवस आले. पानं गळतात आणि बर्फ अजून पडलेलं नसतं, ते धुक्याचे आठवडे. त्या दिवसांत गेलेली माणसं आपापली घरं बघायला येतात, म्हणून गावात कुणी आवाज करत नाही. सूत कातायचं नाही, ठोकायचं नाही, लाकडं फोडायची नाहीत. पोरांनासुद्धा दटावून गप्प बसवतात. ढीग अजून शिल्लक होता आणि मार्टिनचा दिवस जवळ येत होता, तरी हेल्युनं यंत्र ताडपत्रीखाली झाकलं. रात्री टेबलावर काळा पाव, डुकराचं खारवलेलं मांस आणि एन्डेलचा पेला मांडला. दोन वर्षं मांडतच होती, सकाळी सगळं तसंच्या तसं असायचं.

या वेळी मात्र उजाडायच्या आधी तिला जाग आली ती आवाजानं. टक, टक, धाड.

ती पडूनच राहिली. हलली तर थांबेल, असं वाटलं. टक, टक, धाड. खोपीच्या बाजूनंच येत होता. तिचं तोंड हसायला लागलं होतं आणि डोळ्यांतून पाणी उशीवर उतरत होतं. आला. माझा माणूस घरी आला. किती वेळ ती ऐकत होती कोण जाणे. आणि मग टक, टक झालं आणि पुढं काहीच झालं नाही.

या वेळी हेल्यु बटाटे सोलत बसली नाही. अनवाणीच धावली. खोपीपाशी कुणी नव्हतं. ठोकळ्यावर दहिवराचा थर जसाच्या तसा होता, गवत कुणी तुडवलेलं नव्हतं, कुऱ्हाड खिळ्यावर होती. एकही ओंडका फुटलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. रोज तो यायचा, रोज फोडत राहायचा, आणि रोज त्याच जागी, दोन हलक्या ठोक्यांनंतर, थांबायचा. ती रोज धावायची. एकदा ती आधीच जाऊन ठोकळ्याशेजारी उभी राहिली, अंगावर एन्डेलचा कोट घालून. आवाज तिच्या गुडघ्याजवळून आला. धाप लागल्याचाही आला. आणि तो थांबला तेव्हा तिला कळलं की ती काय घरी घेऊन आली आहे. एन्डेल तिला भेटायला येत नव्हता. तो रोज सकाळी कामाला येत होता, आणि रोज सकाळी मरत होता.

त्याच दिवशी आर्नो तणतणत फाटकातून आत आला.

"वहिनी, तुला काही लाजलज्जा? आत्म्यांच्या दिवसांत कुऱ्हाड चालवतेस? सगळं गाव माझ्या तोंडाकडं बघतंय."

"मी नाही चालवत."

"मग कोण, कुत्रं?"

"माझा हात वर जातो का, सांग. उद्या उजाडायच्या आधी ये आणि बघ."

आर्नो आला. दोघं खोपीच्या दाराशी उभे राहिले. पहिलं टक, टक झालं आणि त्या साठीच्या माणसाचा चेहरा लहान पोरासारखा झाला. "दादा," तो म्हणाला. एवढंच. आवाज थांबेपर्यंत तो डोकं खाली घालून उभा होता, आणि थांबल्यावर त्यानं भिंतीचा आधार घेतला. तेव्हा हेल्युनं फळीवरच्या दोन्ही फोडी काढून त्याच्यासमोर धरल्या.

आर्नोनं त्या हातात घेतल्या नाहीत. "हे काय करून बसलीस गं तू? ते झाड कुजलं असतं, त्याच्याबरोबर तोही निवला असता. आणि तू ते यंत्रात घातलंस?"

"माहीत नव्हतं मला."

"आणि कळल्यावर?"

हेल्युनं फोडी पुन्हा छातीशी धरल्या. ते बघून आर्नोचा राग तिथंच विरला.

दोघांनी मिळून फोडी तारेनं करकचून बांधल्या. दोन वर्षांनंतर हेल्यु त्या वळणावर गेली. झाडाचा बुंधा तेवढा उरला होता. फोडी त्याच्यापाशी टेकवून ठेवल्या, आर्नोनं घोटभर दारू जमिनीवर ओतली, हेल्युनंही या वेळी आपला घोट घेतला. दुसऱ्या सकाळी टक, टक, धाड. मोडलेला क्रूस कुणाला अडवत नाही.

"त्याला वाटतंय ढीग बाकी आहे," हेल्यु म्हणाली. "तो ढीग सोडून कधी जेवायला आलाय का? ढीग संपवला की जाईल."

तिनं ताडपत्री ओढून काढली. आत्म्यांच्या त्या मुक्या दिवसांत, भर दुपारी, हेल्युचं यंत्र घरघरायला लागलं. घराघरांतले पडदे हलले. कुणीतरी रस्त्यावरून ओरडून तिला शिव्या घातल्या. तिनं मान वर केली नाही. डॉक्टरला न जुमानता आर्नो फोडी रचायला लागला, तिनं हाकललं तरी हटला नाही. दोन दिवस ते यंत्र चालत होतं. शेवटचा ओंडका उकलला, शेवटची फोड आढ्याला टेकली, आणि अंगणात भुशाशिवाय काही उरलं नाही. असं भरगच्च सरपण एन्डेलच्या काळातही कधी झालं नव्हतं.

"झालं रे," ती रिकाम्या अंगणाला म्हणाली. "बघ, एकसुद्धा राहिला नाही. आता बस निवांत."

पहाटे तो आलाच. टक, टक, धाड. हेल्यु पलंगावर उठून बसली आणि तिनं दोन्ही हातांनी कान झाकले, तरी तो शेवटचा दोन ठोक्यांचा आवाज तिला ऐकू आलाच.

नंतर ती आर्नोला म्हणाली, "का येतोय रे? आता काय राहिलंय?"

आर्नोनं तिच्या घराच्या छपराकडं बोट केलं. "धूर निघतोय ना वहिनी. धुराड्यातून धूर निघतोय म्हणजे लाकूड जळतंय. जळतंय म्हणजे उद्या पुन्हा लागणार. दादाला तू माझ्यापेक्षा जास्त ओळखतेस."

हेल्युला हे कळायला हवं होतं, आणि कळलंच. ती आत गेली, चुलीसमोर बसली. या चुलीसाठी तिनं उन्हाळाभर लोखंड वितळवलं होतं.  तरी तिनं निखारे बाहेर ओढले, बादलीत घातले आणि वर पाणी ओतलं. त्या रात्री ती गोधड्या पांघरून थंड घरात झोपली. सकाळ झाली, चांगलं उजाडलं, कावळे ओरडले. खोपीकडून काही आलं नाही.

मार्टिनच्या दिवशी उर्वेची गाडी फाटकात शिरली. ती उतरली आणि खोपीसमोर उभीच राहिली. आढ्यापर्यंत रचलेलं सरपण, एकसारख्या फोडी. शेजारी ते अजब यंत्र, दुधाच्या कॅनसकट. तिनं यंत्राला हात लावून बघितला.

"आई, हे तू केलंस? एकटीनं?" तिचा विश्वास बसेना. "बरं बाई, हरले मी. जिंकलीस. राहा इथंच."

हेल्यु दारात उभी होती. कोट घातलेला, डोक्याला रुमाल, पायाशी बांधलेलं गाठोडं.

"घे हे गाडीत," ती म्हणाली. "कुत्रा आर्नोकडं राहील."

"अगं पण खोप भरलीय की. मी काही जबरदस्ती करत नाही."

"भरलीय ना, मग वाटून टाकायला सांगितलीय. आर्नो बघेल. चल, अंधार पडायच्या आत निघू."

उर्वेनं आईच्या तोंडाकडं बघितलं आणि गाठोडं उचललं. यंत्र हेल्युनं आदल्या दिवशीच निकामी केलं होतं. पाचर कापून काढली होती आणि दलदलीत टाकून दिली होती. बाकी लोखंड आर्नोला सांगितलं होतं, हवं ते कर, पण जोडू नकोस.

तार्तुच्या खोलीत भिंतीतल्या पाइपात पाणी खुळखुळायचं. खोली उबदार होती, कुणी काही केलं नाही तरी उबदार. हेल्यु उजाडायच्या आधी जागी व्हायची आणि पडून ऐकत राहायची. खाली बस सुरू व्हायची, वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवायचं. एवढंच.

पहिला बर्फ पडला तेव्हा तिनं आर्नोला फोन लावला.

"सरपण वाटलं का रे?"

"वाटलं. ज्या सुल्विनं तुला रस्त्यावरून शिव्या घातल्या, तिनं सगळ्यांत जास्त नेलं."

"नेऊ दे." ती थोडी थांबली. "आणि सकाळी?"

"रोज जातो मी. अंधारात जाऊन उभा राहतो. काही नाही वहिनी. धुराडं बंद झाल्यापासून काही नाही. सुटला दादा."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

हेल्युला बरं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण तिनं फोन कानाशी आणखी दाबून धरला.

"नीट ऐकतोस ना?" तिनं विचारलं. "तो सुरुवातीला हलकं वाजवतो. लांब उभं राहिलं तर ऐकू येत नाही."

पलीकडून आर्नो हळूच म्हणाला, "नीटच ऐकतो वहिनी. मीही त्याचीच वाट बघतो."